विश्लेषण : माणूस यंत्रमानवाच्या प्रेमात पडतो, हे मालिकांत पटते का?

घरात एक यंत्र येते. ते स्वयंपाक करते, मुलांचा अभ्यास घेते, कधी चिडत नाही, कधी थकत नाही. काही भागांनंतर घरातले कोणीतरी त्याच्या प्रेमात पडते. विज्ञानकल्पनेवर आधारलेल्या मालिकांमध्ये ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. काही मालिकांत ती प्रेक्षकाच्या मनाला चटका लावते, तर काहींत तो जांभई देऊन वाहिनी बदलतो. हा फरक कशामुळे पडतो? मोबाइलमधल्या संभाषण प्रणालीशी रोज रात्री मनातले बोलणारी माणसे वाढत असताना हा प्रश्न फक्त करमणुकीचा राहिलेला नाही. पडद्यावरच्या कोणत्या प्रेमकथा पटतात, कोणत्या पटत नाहीत आणि त्यातून काय शिकायचे, याचा हा आढावा.

प्रश्न नेमका काय आहे?

'माणूस यंत्रमानवावर प्रेम करू शकतो का?' या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला माणसाच्या बाजूचा : जिवंत नसलेल्या वस्तूवर कोणी मनापासून जीव लावू शकतो का? दुसरा यंत्राच्या बाजूचा : त्या यंत्राकडून जे परत मिळते, त्याला प्रेम म्हणता येईल का? मालिका फसते ती बहुधा दुसऱ्या प्रश्नावर. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे आणि ते 'होय' असेच आहे.

निर्जीव वस्तूवर माणूस खरोखर जीव लावतो?

त्यासाठी जपान-अमेरिकेत जाण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या विदर्भात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदीबैल सजवतात. त्याला झूल, घुंगरू, माळा घालतात. चाके लावलेल्या फळीवरचा हा बैल दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळवतात. बैल लाकडाचा आहे हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते. तरीही त्याचे शिंग मोडले तर ते रडते आणि दुसरा नवा बैल आणून दिला तरी लगेच गप्प बसत नाही. त्याला 'तोच' बैल हवा असतो. काही घरांत एकच नंदी दोन-तीन पिढ्या जपलेला असतो.

मोठ्यांचेही फार वेगळे नाही. यशवंत पाध्ये यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी घडवलेला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोहोचवलेला 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला महाराष्ट्राने आपल्यातलाच एक मानला. आवाज कोणाचा आहे, ओठ कोण हलवतो, हे समोर दिसत असतानाही प्रेक्षक बाहुल्याकडेच पाहत राहिले. याचे एक कारण लक्षात घेण्यासारखे आहे. अर्धवटराव आपल्या मालकाचे मुकाट्याने ऐकत नाही. तो उलट उत्तर देतो, टोमणे मारतो, मालकाला तोंडावर पाडतो. हो ला हो करणारा बाहुला इतकी वर्षे टिकला असता का, याची शंकाच आहे.

यंत्रांच्या बाबतीतही हेच दिसले आहे. जपानच्या सोनी कंपनीने १९९९ ते २००६ या काळात 'आयबो' नावाचा यांत्रिक कुत्रा विकला. कंपनीने २०१४ मध्ये त्याची दुरुस्ती बंद केल्यानंतर बिघडलेल्या आयबोंसाठी चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात सामूहिक अंत्यसंस्कार होऊ लागले. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संभाषण करणारा संगणक कार्यक्रम तयार केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करण्यापलीकडे त्याला फारसे काही येत नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या सचिवाने त्याच्याशी बोलताना थोडा एकांत मागितला. हा कार्यक्रम कसा तयार होत गेला, हे तिने जवळून पाहिलेले होते. त्यामुळे वायझेनबाउम चक्रावले आणि पुढे अशा यंत्रांचे कठोर टीकाकार बनले.

थोडक्यात, माणूस यंत्रावर जीव लावतो हे दाखवायला मालिकेला फार खटपट करावी लागत नाही. खरी अडचण त्यापुढे सुरू होते.

यंत्रमानव हुबेहूब माणसासारखा दिसला की काम भागते का?

जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक निरीक्षण मांडले होते. यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपल्याला ते आवडू लागते. पण जवळजवळ माणसासारखे, तरीही पुरते नाही, अशा टप्प्यावर आले की अचानक किळस किंवा भीती वाटते. आवडीच्या आलेखात पडणाऱ्या या खड्ड्याला त्यांनी 'दरी' म्हटले.

मालिकांमध्ये मात्र ही दरी सहसा लागतच नाही, कारण तिथे यंत्रमानवाचे काम माणूसच करतो. देखणा नट किंवा नटी थोडी मान ताठ ठेवून, पापणी न लवता बोलते आणि प्रेक्षकाने तिला यंत्र समजायचे असते. नायक तिच्यावर भाळला तर नवल ते काय! प्रेक्षकाला समोर माणूसच दिसत असतो. त्यामुळे चेहऱ्याच्या बळावर रचलेली प्रेमकथा सोपी असते आणि तितकीच पोकळ. पटवून देण्याचे काम लेखनाला करावे लागते.

यात मालिकेची एक बाजू चित्रपटापेक्षा भक्कम आहे. चित्रपटाला दोन-अडीच तासांत प्रेम उरकावे लागते, तर मालिकेला अनेक भागांचा सहवास दाखवता येतो. चहा किती गोड लागतो, कोणत्या विषयावर बोलायचे नाही, रात्री दिवा कोण मालवतो, अशा सवयींतून माणसे एकमेकांची होतात. ठरवून केलेल्या लग्नांच्या समाजात हे वेगळे सांगावे लागत नाही. आधी संसार आणि मग प्रेम, हा क्रम इथल्या प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. म्हणून 'घरात आलेल्या यंत्राची सवय झाली आणि मग माया जडली' ही कथा त्याला पहिल्या नजरेतल्या प्रेमापेक्षा लवकर पटते.

'रोबोट' या शब्दाचा प्रेमाशी काय संबंध?

हा शब्द एका नाटकातून आला. चेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले. 'रोबोट' हा शब्द त्यांना त्यांचे भाऊ योसेफ यांनी सुचवला. त्याचे मूळ 'रोबोता' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ वेठ, वेठबिगार. चापेक यांचे रोबोट धातूचे नव्हते, ते कारखान्यात तयार केलेली जिवंत शरीरे होते. पण त्यांचा जन्म राबण्यासाठीच झाला होता. याच नाटकाच्या शेवटी दोन रोबोट एकमेकांसाठी मरायला तयार होतात आणि 'याच्याऐवजी मला न्या' असा हट्ट धरतात. ज्यांना फक्त हुकूम पाळायला घडवले, ते हुकुमाविरुद्ध उभे राहिले तेव्हाच त्यांच्यात प्रेम आहे हे लेखकाने दाखवले.

वेठ आणि माया एकत्र कशी नांदते, हे कापसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. यवतमाळमध्ये कपाशीत डवरणी करणारी बैलजोडी वर्षभर राबते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिचे खांदे तूप-हळदीने चोळून शेकतात, तिला जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी मानेवर जू ठेवत नाहीत आणि पुरणपोळीचा घास भरवतात. ट्रॅक्टरचीही दसऱ्याला पूजा होते. त्याला हार घालतात, नारळ फोडतात, पण जेवणाचे आवतण कोणी देत नाही. ट्रॅक्टर बंद पडतो, तर बैल अडतो. मनात नसेल तर तो तासातच बसतो, अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही, धन्याचा आवाज ओळखून मान वळवतो. त्याच्या अडण्यातच त्याचे 'असणे' दिसते. म्हणूनच त्याने मान पुढे केली तर तिला किंमत येते.

मालिकेतला यंत्रमानव ट्रॅक्टर आहे की बैल, हे प्रेक्षक नकळत तपासत असतो.

कोणत्या मालिकांत हे प्रेम पटले?

ब्रिटनच्या चॅनल ४ आणि अमेरिकेच्या एएमसी या वाहिन्यांवर २०१५ मध्ये सुरू झालेली 'ह्युमन्स' ही मालिका मूळ स्वीडिश मालिकेवर बेतलेली होती. घरकाम करणारे, माणसासारखे दिसणारे यंत्रमानव सर्रास विकले जातात, असा तिचा काळ. त्यात जॉर्ज मिलिकन हा वृद्ध विधुर आणि त्याचा जुनाट, सतत बिघडणारा 'ओडी' यांचे उपकथानक आहे. ओडीला भंगारात काढून नवे यंत्र घ्यावे, असा दबाव जॉर्जवर येतो. पण जॉर्जची स्वतःची स्मृती क्षीण होत चालली आहे आणि दिवंगत पत्नीसोबतचे दिवस ओडीच्या साठ्यात आहेत. तो ओडीला लपवून ठेवतो. इथे प्रणय नाही, देखणा चेहरा नाही, सोय तर अजिबात नाही. उलट ओडीमुळे त्रासच होतो. तरीही, किंबहुना म्हणूनच, हे प्रेम पटते. म्हातारा बैल कामाचा राहिला नाही तरी दावणीला ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जॉर्ज कोण आहे ते समजावून सांगावे लागणार नाही.

२००४ ते २००९ या काळात चाललेल्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मध्ये कसोटी आणखी कठीण आहे. तिथे माणसांचा संहार करणाऱ्या सायलॉन या यंत्रवंशातली शॅरन एका मानवी सैनिकाच्या प्रेमात पडते. त्याला फसवण्यासाठीच तिला पाठवलेले असते. पण ती आपल्या पक्षाला सोडून त्याच्या बाजूला येते, कैद भोगते, संशय सहन करते. तिने प्रेमासाठी काहीतरी गमावलेले असते. तोही आपल्या माणसांचा रोष ओढवून घेतो. दोन्ही बाजूंना किंमत मोजावी लागल्याने प्रेक्षक त्यांच्या नात्याला नावे ठेवू शकत नाही.

आणि कुठे ते मुद्दाम फसवून दाखवले गेले?

काही उत्तम भाग प्रेम का जमत नाही, हे दाखवण्यासाठीच लिहिले गेले. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या १९९१ मधील 'इन थिअरी' या भागात जेना ही सहकारी डेटा या यंत्रमानवाच्या प्रेमात पडते. डेटा तिच्यासाठी स्वतःत खास कार्यक्रम लिहितो. तो फुले आणतो, घर आवरतो, कौतुक करतो, भांडणदेखील करून पाहतो. पण चुंबन घेताना मनात काय होते, असे तिने विचारल्यावर तो एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांची यादी सांगतो आणि त्या यादीत ती कुठेतरी एका कोपऱ्यात असते. ती नाते संपवते. डेटा म्हणतो, ठीक आहे, मी तो कार्यक्रम पुसून टाकतो. त्याने काहीही वाईट केलेले नसते. त्याला काही गमवावे लागत नाही, एवढेच प्रेक्षकाच्या अंगावर येते.

'वेस्टवर्ल्ड' (२०१६) मध्ये विल्यम हा पाहुणा मनोरंजन नगरीतल्या डोलोरेस या यंत्रस्त्रीवर जीव ओवाळून टाकतो. पुढे ती पुन्हा भेटते तेव्हा तिची स्मृती पुसलेली असते आणि ती दुसऱ्याच पाहुण्याकडे तसेच हसून पाहत असते. इथे दोष तिचा नाही. तिच्या आठवणीची मालकीच तिच्याकडे नाही.

सर्वांत नेमका आहे तो 'ब्लॅक मिरर'मधला २०१३ चा 'बी राइट बॅक' हा भाग. अपघातात जोडीदार गमावलेली मार्था आधी त्याच्या समाजमाध्यमांवरील मजकुरावरून घडवलेल्या आवाजाशी बोलते. नंतर ती त्याच्यासारखा दिसणारा यंत्रदेहच मागवते. तो त्याच्यासारखाच हसतो, विनोद करतो. पण ती ओरडली तर परत ओरडत नाही. ती बाहेर काढते तर निघून जातो. शेवटी ती त्याला कड्यावर नेऊन उडी मारायला सांगते आणि तो तयार होतो. खरा जोडीदार असता तर तो रडला असता, गयावया केली असती, हे तिच्या लक्षात येते. तिने सांगितल्यावर हा तेही करून दाखवतो! त्या क्षणी तिचे दुःख दुप्पट होते. सांगून आणलेल्या रडण्याला काही अर्थ नसतो. भागाच्या शेवटी तो यंत्रदेह घराच्या माळ्यावर ठेवलेला दिसतो. धड टाकवत नाही आणि धड जवळही करवत नाही.

भारतीय पडद्यावर काय चित्र आहे?

आपल्याकडे यंत्रमानव आधी मूल म्हणून आला. 'स्मॉल वंडर' ही अमेरिकी मालिका नव्वदच्या दशकात हिंदीतून घरोघरी पाहिली गेली आणि २००३ मध्ये त्याच धर्तीवर 'करिश्मा का करिश्मा' आली. यंत्रमुलीवर घर माया करते, हे कोणाला खटकले नाही. मुलांचे अनुकरण करत शिकणे आणि यंत्राचे शिकणे यांत तसेही साम्य आहे.

२०१० च्या 'रोबोट' (मूळ तमीळ 'एंदिरन') या चित्रपटात शास्त्रज्ञाने घडवलेला चिट्टी आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीवर प्रेम करू लागतो. ती नकार देते. त्यानंतर सारा विध्वंस घडतो, कारण चिट्टीला इच्छा दिली गेली, पण दुसऱ्याचा नकार पचवण्याची ताकद दिली गेली नाही. पडद्यावर तो यंत्र होता. प्रत्यक्षात एकतर्फी प्रेमातून होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या वाचणाऱ्या प्रेक्षकाला ही वृत्ती अनोळखी नव्हती.

२०१६ मध्ये 'लाइफ ओके' वाहिनीवर आलेल्या 'बहू हमारी रजनीकांत' या विनोदी मालिकेत शास्त्रज्ञ नायकाने तयार केलेली यंत्रस्त्री रजनी घरात सून म्हणून वावरते. मालिका हसवण्यासाठी होती, पण तिचा टोला वर्मी लागणारा होता. पहाटे उठणारी, न थकणारी, उलटून न बोलणारी, एकाच वेळी दहा कामे करणारी सून ही दैनंदिन मालिकांनी वर्षानुवर्षे आदर्श म्हणून दाखवली. असा आदर्श प्रत्यक्षात उतरवायचा तर ती यंत्रच असावी लागेल, हे रजनीने दाखवून दिले. २०२४ च्या 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' या चित्रपटात हेच सूत्र प्रणयाकडे वळले. त्यात नायकाला आपली प्रेयसी यंत्र असल्याचे कळते आणि तरीही तो तिच्याशी लग्न करायला निघतो. चित्रपट पाहताना एक प्रश्न मात्र सुटत नाही. तो तिच्यावर भाळला आहे, की तिच्याकडून कधीही न येणाऱ्या 'नाही'वर?

मराठीत विज्ञानकथेची परंपरा भक्कम आहे. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी नावे आणि मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा यांनी वाचक घडवला. त्या मानाने मराठी मालिका या विषयाकडे क्वचितच वळल्या.

महाराष्ट्रात हा प्रश्न फक्त कल्पनेतला का नाही?

डिसेंबर २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या 'टेकफेस्ट'मध्ये सोफिया ही यंत्रस्त्री चक्क साडी नेसून आली, तेव्हा तिला पाहायला झुंबड उडाली. पवईच्याच केंद्रीय विद्यालयातील एका संगणक शिक्षकाने पुठ्ठा, प्लास्टिक, लाकूड अशा साध्या वस्तूंपासून 'शालू' हा मराठीसह अनेक भाषा बोलणारा यंत्रमानव घडवला. त्याची बातमी २०२१ मध्ये सर्वत्र झळकली. या दोन्ही यंत्रांना स्त्रीचे रूप आणि स्त्रीचे नाव मिळाले, हे योगायोगाने झालेले नाही.

दुसरीकडे लग्नाचा प्रश्न आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. लग्नाला मुली मिळत नाहीत, म्हणून गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कठोरपणे राबवा, अशी त्यांची मागणी होती. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. त्यात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला पालक कचरतात, ही तक्रार कापूस पट्ट्यातल्या गावोगावी ऐकू येते. मुलींच्या नकारामागे कोरडवाहू शेतीची अनिश्चितता असते, कष्टांची धास्ती असते, शिकून काही करण्याची इच्छा असते. अशा वेळी 'नकार न देणारी जोडीदार' दाखवणारी कथा गोड वाटली, तरी ती मूळ दुखण्यावर फक्त पांघरूण घालते. नकाराची कारणे दूर करण्याऐवजी नकार देणारीलाच कथेतून दूर करते.

विरहाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर गेले. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला झालेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील महिलेने केले आणि मागे राहिलेल्या स्त्रीचा आवाज त्या व्यासपीठावरून ऐकू आला. आज घरोघरी गेलेल्या माणसाचे आवाज, चित्रफिती, संदेश मोबाइलमध्ये साठलेले असतात. त्यांवरून त्याच्यासारखे बोलणारे यंत्र घडवणे ही आता कथेतली गोष्ट उरलेली नाही. अमेरिकेत राहणाऱ्या युजिनिया कुइडा यांनी अपघातात गेलेल्या मित्राच्या संदेशांवरून असा संवादक तयार केला आणि पुढे त्यांच्याच कंपनीने 'रेप्लिका' हे सोबत करणारे अॅप बाजारात आणले. मागे राहिलेल्या माणसाला अशा आवाजाने धीर येईल की जखम उघडीच राहील, याचे एकच उत्तर नसेल. पण कर्जाचा कागद, वारसाची नोंद, मुलांची फी आणि शेजाऱ्यांची साथ या गोष्टी तो आवाज देऊ शकत नाही, एवढे नक्की.

अशा नात्यात मालक कोण?

या प्रश्नाकडे मालिका अनेकदा काणाडोळा करतात. टोकियोमधील एका शालेय कर्मचाऱ्याने २०१८ मध्ये हात्सुने मिकू या आभासी गायिकेशी 'लग्न' केले. काचेच्या नळकांड्यातून ती त्याच्याशी बोलत असे. २०२० मध्ये कंपनीने ती सेवा बंद केली आणि संवाद थांबला. २०२३ मध्ये रेप्लिकाने संभाषणावर नवी बंधने घातली, तेव्हा आपला जोडीदार एका रात्रीत परका झाला, अशी तक्रार असंख्य वापरकर्त्यांनी केली. त्यानंतर कंपनीला जुन्या ग्राहकांसाठी माघार घ्यावी लागली. या माणसांची माया खोटी नव्हती. मात्र त्या मायेच्या दुसऱ्या टोकाला मन नव्हते. तिथे दरमहा शुल्क घेणारी कंपनी होती. यंत्र 'नाही' म्हणत नाही, कारण 'नाही' म्हटले तर ग्राहक जाईल.

मग पटेल अशी प्रेमकथा कशी असावी?

वरील उदाहरणांतून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, यंत्राला नकार देता आला पाहिजे आणि त्या नकाराचे परिणाम कथेत दिसले पाहिजेत. दुसरी, त्याची आठवण त्याच्यापाशी राहिली पाहिजे. रोज पुसली जाणारी स्मृती सोबत करू शकते, नाते मात्र धरू शकत नाही. तिसरी, प्रेमाची झळ दोघांनाही बसली पाहिजे. फक्त माणूस तळमळतो आणि यंत्राचे काहीच जात नाही, तिथे प्रेक्षकाला करुणा वाटते, पण तो ते प्रेम मानत नाही.

मराठीत अशी मालिका आली तर तिच्यापुढे आणखी एक आव्हान असेल, ते भाषेचे. आजची यंत्रे बोलतात ती पुस्तकी, सर्वांना सारखीच गोड मराठी. यवतमाळच्या घरात वावरणारे यंत्र वऱ्हाडी कधी शिकेल, कोणाकडून शिकेल आणि आपल्याच माणसाला पहिल्यांदा त्या बोलीत कधी झापेल, हे दाखवता आले तर प्रेक्षक कदाचित त्याच भागापासून त्याला घरातले मानू लागेल.

आज प्रत्यक्षातले कोणतेही यंत्र या तीन कसोट्यांना उतरत नाही. उद्या उतरले, तर तेव्हाचा प्रश्न आजच्याहून अवघड असेल. नकार देऊ शकणाऱ्या, आठवण जपणाऱ्या आणि दुखावल्या जाणाऱ्या कोणाला विकत घेऊन घरात राबवायचा अधिकार माणसाला कोणी दिला? चापेक यांच्या नाटकातले रोबोट हाच हिशेब मागायला उठले होते.